मेतकुटाचा डबा

१० जानेवारी २००५, सोमवार. पापाकुरा

शंतनूने ही वही आणून दिली. म्हणाला, "बाबा, मनात येईल ते दिवसभर मला फोनवर सांगण्यापेक्षा यात लिहीत जा." तो पेनरोजला एका गोदामात मॅनेजर आहे. फोन उचलला की मागून ट्रकचे आवाज येतात. शुक्रवारी मी त्याला चार वेळा फोन केला. एकदा शेगडी बंद आहे का ते विचारायला. इथली शेगडी विजेची. ज्योत दिसत नाही, मग माणसाला कळणार कसं?

माझं शिक्षण सातवी. मिरजेच्या पाणीपुरवठ्यात बत्तीस वर्षं चावीवाला होतो. अर्ध्या गावाला पाणी सोडलं, पण मला स्वतःला पोहता येत नाही. नात मात्र पाण्यातच राहते. इशिता, पंधरा वर्षांची. मराठी तिला सगळं कळतं, बोलते बहुतेक इंग्रजीत.

बायको आशालता गेली आणि नोव्हेंबरात मला इकडे न्यूझीलंडला आणलं. घरात मला एकच काम आहे. पहाटे पावणेपाचला उठून इशिताचं दूध गरम करायचं, साखर, वेलची, जायफळ घालून थर्मासात भरायचं. शंतनू तिला पोहायच्या क्लबच्या तलावावर सोडतो, मीही बरोबर जातो. पोहून झालं की ती दूध पिते आणि म्हणते, "आजोबा, बेस्ट इन द वर्ल्ड." एवढ्या मोठ्या घरात मी त्या थर्मासापुरता लागतो. तेवढं तरी आहे.

आज बीपी १५०/९०. छातीत डाव्या बाजूला काहीतरी वाटलं. गॅस असेल.

१४ जानेवारी, शुक्रवार. संक्रांत

आज अपमान झाला.

तिळगुळाच्या वड्या मी काल स्वतः केल्या. जरा कडक झाल्या, पण चवीला बऱ्या. डबा घेऊन तलावावर गेलो. म्हटलं, इशिताच्या बरोबरीच्या पोरींना द्याव्यात, तिच्या मास्तरीणबाईंनाही द्यावी. या बाई जर्मन आहेत. नाव रेनाटे. मी रेनाटाबाई म्हणतो. मी पहिल्या पोरीच्या हातावर वडी ठेवतो तोच बाई शिट्टी फुंकत धावत आल्या. वडी पोरीच्या हातून काढून घेतली, डब्यात ठेवली, झाकण लावलं आणि डबा माझ्या हातात दिला.

"नो फूड. नॉट फ्रॉम हँड," म्हणाल्या.

"स्वीट," मी म्हटलं. "फेस्टिव्हल."

"नो."

गोड बोला म्हणायचं होतं, ते तोंडातच राहिलं. स्वतःसुद्धा घेतली नाही. इशिता म्हणाली, "डोन्ट माइंड, आजोबा. शी इज लाइक दॅट विथ एव्हरीवन. ती कोणाला केळंपण देत नाही." पोरी एवढ्या दमतात आणि ही बाई साधं केळं देत नाही. असली कंजूष मास्तरीण मी पाहिली नाही.

आवाज गड्यासारखा आहे. इथे जानेवारीत कडक उन्हाळा, तरी पूर्ण बाह्यांचा सदरा. मूलबाळ नाही म्हणे. नसणारच, असा स्वभाव असल्यावर.

२१ जानेवारी, शुक्रवार

क्लबच्या भिंतीवर रेनाटाबाईंचा जुना फोटो आहे. सतरा-अठरा वर्षांची पोरगी, गळ्यात पदकंच पदकं. इशिताने सगळं सांगितलं. त्या वेळी दोन जर्मनी होत्या, ही पूर्वेकडची. एक माणूस एकच प्रकार पोहतो, फार तर दोन. ही चारही पोहायची. उताणी, पालथी, बेडकासारखी आणि ते दोन्ही हात एकदम फेकायचे तसं. जवळचं अंतर पोहायची, लांबचंही. एकाच स्पर्धेत पाच पदकं. विसाव्या वर्षी सगळं बंद केलं. का, ते इशिताला माहीत नाही. इशिता चारही प्रकार पोहते ती हिच्यामुळेच.

मी फोटोतले खांदे पाहत राहिलो. आमच्या तालमीतल्या पोरांचे असायचे तसे. बाई जवळून चालल्या होत्या, तर विचारलं, "यू, यंग टाइम, व्हॉट ईट?"

त्या थांबल्या. म्हणाल्या, "पोटॅटो." आणि निघून गेल्या.

सांगायचं नाही, दुसरं काय. गुपित कोण सांगतं?

३० जानेवारी, रविवार

इशिताची वेळ चारशे मीटरला चार सेकंदांनी कमी झाली. शंतनूने तिला उचलून गोल फिरवलं. "स्वीट ॲज!" म्हणून ओरडला, इथे झकास म्हणायचं तर असं म्हणतात. कोणाला सांगितलेलं नाही, ते आता वहीत लिहितोच. माझं अक्षर मलाच लागत नाही, दुसरं कोण वाचणार.

डिसेंबरातल्या शर्यतीत ती चौथी आली होती. खोलीचं दार लावून रडली. मला आत घेईना. त्याच दिवशी मी ठरवलं. मिरजेला माझा तालमीतला दोस्त आहे, बाळासाहेब. तालमीच्या मागेच त्याचं औषधीचं दुकान. त्याचं शक्तीचं चूर्ण पाच जिल्ह्यांतले पैलवान नेतात. इकडे येताना त्याने गुडघ्यासाठी म्हणून मला किलोभर दिलं होतं. मेतकुटाच्या रिकाम्या डब्यात भरून आणलं. विमानतळावर साहेबाने डबा उघडला, वास घेतला, विचारलं, "करी पावडर?" मी म्हटलं, "यस सर." डब्यावर चिठ्ठी मेतकुटाचीच होती.

रोज इशिताच्या दुधात एक सपाट चमचा. जायफळात कळत नाही.

मृणालिनीला सांगितलेलं नाही. सूनबाई ओटाहुहूला औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. माझा खोकल्याचा काढा तिने मी आल्याच्या दुसऱ्याच दिवशी ओतून दिला. "बाबा, ज्याला लेबल नाही ते या घरात कोणाच्या पोटात जायचं नाही." आमच्या तीन पिढ्या लेबलावाचून जगल्या. पण तिच्याशी कोण वाद घालणार?

१४ फेब्रुवारी, सोमवार

इशिताच्या तोंडावर मुरमं उठली आहेत. उष्णता असणार. चूर्ण अर्धा चमचा करावं का, असं मनात आलं. पण वेळ अजून दोन सेकंदांनी खाली आली आहे, तेव्हा चालू ठेवलं. दुधात सब्जा घालतो, थंड असतो.

पोरगी हल्ली चिडते. परवा जॅंडल्स, म्हणजे तिच्या रबरी चपला, दारात नाहीत म्हणून आईवर ओरडली आणि दार असं आपटलं की कपाटातल्या बश्या वाजल्या. मृणालिनी शंतनूला हळू आवाजात सांगत होती, "दोन महिने झाले, तिचं काही वेळेवर होत नाहीये. डॉक्टरला दाखवू या का?" शंतनू म्हणाला, "हीप्स ऑफ ट्रेनिंग, होतं तसं." बायकांचं बोलणं, मी उठून गेलो.

खांदे मात्र छान भरलेत.

३ मार्च, गुरुवार

तलावावर मी बाकावर बसतो. आज रेनाटाबाई शेजारी येऊन बसल्या. त्यांची इंग्रजी सावकाश, माझी मोडकी, त्यामुळे आमचं बरं जमतं. पाण्याकडे बघतच म्हणाल्या, "इशिता, टू फास्ट."

मी म्हटलं, "थँक यू."

मग थर्मासाकडे बोट केलं. "व्हॉट इनसाइड?"

"मिल्क. शुगर."

त्यांनी झाकण उघडून वास घेतला. किती तरी वेळ घेतला. "ओन्ली?"

"ओन्ली," मी म्हटलं.

"यू मेक? एव्हरी डे?"

"एव्हरी डे. फाइव्ह मॉर्निंग."

माझ्याकडे इतका वेळ बघत राहिल्या की मला वाटलं गुंडी उघडी राहिली. मग म्हणाल्या, "यू लव्ह हर." मी यस म्हटलं. त्यावर त्या काही खूश झाल्या नाहीत. उठून गेल्या.

२० मार्च, रविवार

आज हा दिवस आशालताने बघायला हवा होता.

वयोगटाच्या राष्ट्रीय स्पर्धा. चारही प्रकार सलग पोहायच्या शर्यतीत आमची इशिता पहिली. दुसरी पोरगी एवढी मागे की मला वाटलं ती दुसऱ्याच शर्यतीतली आहे. शंतनू रडला. मृणालिनी सगळ्यांदेखत माझ्या पाया पडली. म्हणाली, "बाबा, तुमच्या पहाटेच्या दुधाला पण पदक पाहिजे." सांगून टाकावं वाटलं. नंतर सांगू म्हटलं, घरी गेल्यावर, निवांत.

शर्यत झाल्यावर एक बाई कागद घेऊन आली आणि इशिताला लघवी तपासायला घेऊन गेली. जिंकणाऱ्यांना नेतात म्हणे. म्हणजे मानच झाला.

रेनाटाबाईंनी तेवढं अभिनंदन केलं नाही. भिंतीला टेकून उभ्या होत्या.

१५ एप्रिल, शुक्रवार

पत्र आलं. मृणालिनीने स्वयंपाकघरात उभ्या उभ्या वाचलं आणि खाली फरशीवर बसली. मी पाणी दिलं, तिने घेतलं नाही. शंतनू कामावरून धावत आला. इशिताच्या लघवीत औषध सापडलं. पुरुषाच्या अंगात असतं तसल्या रसाचं औषध, बळ वाढवणारं. निकाल लागेपर्यंत पोहायला बंदी.

"मी काही घेतलं नाही! मम्मा, आय स्वेअर!" इशिता एवढंच म्हणत होती.

मृणालिनी म्हणाली, "पूर्व जर्मनी! मी शिकताना वाचलंय, तिथे पोरींना हेच द्यायचे. आणि आपण आपली मुलगी तिच्या हातात दिली."

मीही म्हणालो, "बाई पहिल्यापासूनच विचित्र वाटत होती. तिळगूळसुद्धा घेतला नाही."

का म्हणालो?

१७ एप्रिल, रविवार

कोपऱ्यावरच्या डेअरीतून फोनचं कार्ड आणलं. दूध, पाव, वर्तमानपत्र विकणाऱ्या दुकानाला इथे डेअरी म्हणतात. बागेत जाऊन बाळासाहेबला फोन लावला.

"काय राजाराम! गोऱ्या मडमा काय म्हणतात?"

"बाळासाहेब, त्या चूर्णात काय काय असतं?"

"अश्वगंधा, मुसळी, शतावरी, गोखरू. संपलं का? पाठवू?"

"आणखी काय?"

"आणखी आमचं स्पेशल."

"स्पेशल म्हणजे काय?"

"अरे एक पांढरी पूड येते मुंबईहून. चिमूटभर. नुसत्या मुसळीवर आजकाल कोणाचे दंड फुगतात? सगळेच घालतात. का रे, गुडघ्याला गुण आला ना?"

मी आला म्हटलं. मग कार्ड संपलं.

गुडघा होता तसाच आहे. मी स्वतः एक चमचासुद्धा घेतलेलं नाही. सगळं पोरीसाठीच ठेवलं.

मुंबईहून येतं म्हणजे अगदीच वाईट नसणार. आणि चिमूटभरच. तपासणारेही चुकत असतील.

२३ एप्रिल, शनिवार

रेनाटाबाई घरी आल्या. मृणालिनी दारातूनच घालवत होती, शंतनूने आत घेतलं. त्या खुर्चीच्या टोकावर बसल्या. जे बोलल्या ते मला बहुतेक कळलं.

तेरा वर्षांच्या होत्या तेव्हापासून त्यांचे मास्तर रोज पहाटे पाचला गोळ्या द्यायचे. जीवनसत्त्वं आहेत म्हणायचे. बरोबर गोड चहा. मास्तर वाईट नव्हते. पोरी पाण्यातून बाहेर आल्या की स्वतः टॉवेल गुंडाळायचे, थंडी वाजू नये म्हणून. मग आवाज फुटला. अंगावर केस आले. पदकं आली. लग्न झाल्यावर तीन वेळा पोट राहिलं, तीनदा पडलं. दोन जर्मनींमधली भिंत पडल्यावर सरकारी कागद उघडे झाले, तेव्हा स्वतःच्या नावापुढे गोळ्यांची यादी वाचली. मास्तर तोपर्यंत मेले होते.

"म्हणून मी हातातून काही देत नाही," त्या म्हणाल्या. "पाणीसुद्धा नाही. मी इशिताला काही दिलेलं नाही."

मृणालिनी म्हणाली, "मग कोणी दिलं? ती आमच्या घरी जेवते आणि तुमच्याकडे पोहते. तिसरं कोणी नाही."

रेनाटाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "ओल्ड मॅन," म्हणाल्या, "मिल्क. ओन्ली?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. शंतनू एकदम चिडला. "डोन्ट यू डेअर. ते माझे वडील आहेत."

मी म्हटलं, "ओन्ली."

२४ एप्रिल, रविवार

सगळे बाहेर गेले होते. डबा काढला. अजून चार बोटं चूर्ण होतं. मोरीत ओतलं, वर पाणी सोडलं. पिवळट पाणी गेलं, मग स्वच्छ. डबा साबणाने तीनदा घासला, चिंचेने घासला, उन्हात वाळवला. सांधा सुईने कोरला. वरच्या फळीवर मृणालिनीने केलेलं मेतकूट होतं, ते त्यात भरलं. आता डब्यात मेतकूट आहे. चिठ्ठीवर लिहिलंय तेच.

बीपी १८०/१०५. दोनदा पाहिलं.

११ मे, बुधवार

मृणालिनीने क्लबला तक्रार दिली होती. समितीने रेनाटाबाईंना काढलं. भिंतीवरचा फोटोही उतरवला, असं इशिता म्हणाली. ती जेवली नाही. "शी नेव्हर गेव्ह मी एनीथिंग! नॉट इव्हन अ बनाना! व्हाय डझन्ट एनीवन लिसन?"

मृणालिनी म्हणाली, "लहान आहेस तू अजून. अशी माणसं कशी देतात ते तुला कळणार नाही."

मी वरण वाढत होतो. वाटीबाहेर सांडलं.

सांगितलं तर मला परत पाठवतील. मिरजेच्या खोलीला कुलूप आहे. तिथे कोणी पहाटे उठवणारं नाही आणि उठायला कारणही नाही. पण हे काही कारण नव्हे, मला कळतं. मला सगळं कळतं, फक्त तोंड उघडत नाही.

२८ मे, शनिवार

आज उघडलं.

शंतनू एका वकिलीणबाईंना भेटून आला. म्हणाला, "एकच रस्ता आहे. औषध न कळत खाण्यातून गेलं असं निघालं, आणि तो पदार्थ तपासायला देता आला, तर शिक्षा अगदी कमी होते. कदाचित नुसती ताकीद. पण आपल्याकडे असं आहे काय?"

मी म्हटलं, "आहे. म्हणजे होतं." आणि सगळं सांगितलं. चौथी आली तो दिवस, बाळासाहेब, सपाट चमचा, जायफळ.

कोणी ओरडलं नाही. मला वाटलं होतं ओरडतील. मृणालिनी उठली आणि तिने फळीवरचा डबा काढला. झाकण उघडलं. "हे मेतकूट आहे," म्हणाली. "मी केलेलं."

"ते... मी डबा धुतला."

"किती राहिलं आहे? कुठे सांडलेलं? चमच्याला? पिशवीला?"

"नाही. चांगला धुतला. सुईने."

शंतनू भिंतीला पाठ लावून खाली बसला. मृणालिनी डबा हातात धरून म्हणाली, "बाबा, मी रोज याच डब्याशेजारून मीठ घ्यायचे. मी फार्मासिस्ट आहे." एवढंच.

इशिता जिन्यात उभी होती. तिने कधीपासून ऐकलं माहीत नाही.

६ जून, सोमवार

शंतनूने बाळासाहेबला फोन केला, आवाज मोठा करून, सगळ्यांनी ऐकावा म्हणून.

"आमच्या चूर्णात? शंतनू, शुद्ध वनस्पती आहे ती. वाटलं तर पुडा पाठवतो, कुठेही तपास. राजाराम बिचारा थकलाय रे. आशावहिनी गेल्यापासून काहीबाही बोलतो. मागे फोन केला तेव्हाही भ्रमिष्टासारखाच बोलत होता."

पुडा पाठवेल. त्यात स्पेशल नसेल.

२४ जून, शुक्रवार

निकाल. दोन वर्षं बंदी, पदक परत. मला सुनावणीला नेलं होतं. दुभाषी बाई होती, मी मराठीत सगळं सांगितलं, चिंचसुद्धा सांगितली. तीन माणसं होती, सभ्य. मधल्याने लिहून ठेवलेलं वाचलं: आजोबांचं नातीवरचं प्रेम उघड आहे, पण तिला वाचवण्यासाठी ते हे बोलत असण्याची शक्यता नाकारता येत नाही. पुरावा नाही.

आयुष्यात पहिल्यांदा एवढं खरं बोललो आणि लोकांना माझी दया आली.

मृणालिनीने क्लबला दुसरं पत्र लिहिलं, तक्रार मागे घेते म्हणून. समितीने पोच दिली. रेनाटाबाईंना कोणी परत बोलावलं नाही.

२ जुलै, शनिवार

सकाळी रेनाटाबाई गाडीत सामान भरून आल्या. दक्षिण बेटावर जाणार, एका फार्मवर गाई पिळायचं काम मिळालंय. इशिताला त्यांनी शर्यतीची वेळ मोजायचं जुनं घड्याळ दिलं, तलावावर गळ्यात असायचं ते. देण्याआधी मृणालिनीला विचारलं, "मे आय?" मृणालिनी रडायला लागली.

मी चहा केला होता. कप पुढे केला. रेनाटाबाईंनी कपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "नो, ओल्ड मॅन," म्हणाल्या. रागाने नव्हे. मी कप धरून दारात उभा राहिलो. गाडी वळली तरी उभा होतो. चहा थंडीत लगेच निवला.

मला परत पाठवायचं कोणी बोलत नाही. मीच विचारलं. शंतनू म्हणाला, "कशाला? राहा." आणि जेवत राहिला.

५ जुलै, मंगळवार

पावणेपाचला सवयीने जाग आली. स्वयंपाकघरात गेलो तर इशिता तिथे उभी. तिलाही सवयीने जाग येते. पोहायला जायचं नाही, तरी अंगात टॉग्ज, पोहायचे कपडे, घातलेले, वर स्वेटर. मुरमं कमी झाली आहेत.

मी फ्रिजमधून दुधाची बाटली काढली. तिच्यासमोर नवी फोडली, लेबल तिच्याकडे करून. पातेल्यात ओतलं, गरम केलं. साखर नाही, जायफळ नाही, काही नाही. पेल्यात भरून पुढे धरलं.

"थँक्स, आजोबा," ती म्हणाली. "लीव्ह इट देअर."

मी ओट्यावर ठेवलं. तिने दुसरा पेला घेतला, विसळला, नळ सोडला, पाणी भरून प्यायली. नळ घट्ट बंद केला आणि वर गेली.

दुधावर साय धरेपर्यंत मी थांबलो. मग मोरीत ओतलं. पातेलं घासलं, पेला घासला, कोरडा पुसून पालथा घातला. धुवायचं काम मला चांगलं जमतं.